गाळाने लिहिलेला इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, इंदापूर तालुक्यात, भीमा नदीच्या काठी पळसदेव नावाचे गाव आहे. इ. स. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पुरे झाले. त्याच्या जलाशयात जुने पळसदेव बुडाले आणि गावकऱ्यांनी उंच जागी नवी वस्ती केली. परंतु ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी फार खाली उतरते आणि पळसनाथाचे प्राचीन मंदिर पुन्हा दृष्टीस पडते. ते पाहावयास दूरदूरचे लोक येतात. त्यांची नजर मंदिराच्या शिखरावर आणि कोरीव खांबांवर खिळून राहते. मंदिराभोवती पसरलेल्या गाळाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक त्या गाळातही वाचण्यासारखे पुष्कळ असते.

उन्हाने तापलेल्या त्या गाळाला भेगा पडलेल्या असतात. जमीन जणू लहानमोठ्या फरश्यांनी मढविल्यासारखी दिसते. काही ठिकाणी पक्ष्यांच्या पावलांचे ठसे उमटलेले असतात. याच जलाशयाच्या काठी भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि बगळे व करकोचे तर नेहमीचेच. गाळात जागोजागी रिकामे शिंपले आणि गोगलगाईंचे शंखही सापडतात. या तीन साध्या खुणा होत. पण प्रत्येकीला अर्थ आहे. भेगा सांगतात की, येथे पाणी होते आणि ते उन्हाने आटले. पावलांचे ठसे सांगतात की, काठचे पाणी उथळ होते आणि चिखल मऊ होता. शिंपले सांगतात की, ते पाणी गोडे होते आणि त्यात प्राणी जगत होते.

पुढे पावसाळा येतो. भीमा नवा गाळ घेऊन येते आणि तो जुन्या गाळावर हलकेच पसरतो. भेगा भरतात, ठसे झाकले जातात, शिंपले पुरले जातात. असे वर्षानुवर्षे चालले, तर खालचे थर वरच्या थरांच्या भाराने दाबले जातात. पाण्यात विरघळलेला चुना किंवा वालुकेचे द्रव्य कणाकणांच्या मध्ये शिरून त्यांना सांधते. अखेर चिखलाचा खडक बनतो. अशा खडकाला गाळाचा खडक किंवा स्तरित खडक म्हणतात. त्यात पुरलेल्या प्राण्यांच्या अथवा वनस्पतींच्या अवशेषांना आणि त्यांनी मागे ठेवलेल्या ठशांना जीवाश्म म्हणतात. हजारो वर्षांनी एखाद्या अभ्यासकाने तो खडक फोडला, तर मंदिर किंवा धरण न पाहताही तो सांगू शकेल, "येथे एक उथळ जलाशय होता, त्याच्या काठचे पाणी उन्हाळ्यात आटत असे, पक्षी तेथे भक्ष्य शोधीत हिंडत असत."

खडक वाचण्याची ही विद्या एका साध्या नियमावर उभी आहे. इ. स. १६६९ मध्ये नील्स स्टेन्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने तो स्पष्ट शब्दांत मांडला. थर उलथेपालथे झाले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा, असा हा नियम आहे. धान्याच्या कणगीत जे आधी पडले ते तळाशी असते, तसाच हा प्रकार. नियम साधा असला, तरी त्याच्या आधाराने पृथ्वीच्या कोट्यवधी वर्षांच्या घडामोडींचा क्रम लावता आला.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हा ग्रंथ उघडू लागले, तर प्रथम निराशा होते. तेथील बहुतेक भूमी काळ्या कातळाची आहे. तो गाळाचा खडक नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर पसरला. तो थंड होऊन दख्खनचे पठार घडले. उकळत्या रसात हाड किंवा पान टिकणे शक्य नव्हते, म्हणून या कातळात जीवाश्म सापडत नाहीत. परंतु एका लाव्हाप्रवाहानंतर दुसरा येईपर्यंत बराच काळ जात असे. त्या अवधीत खडक झिजून माती होई. घाटातील रस्त्यांच्या कडेला काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो अशाच विश्रांतीच्या काळाची खूण आहे. विदर्भात तर अशा अवधीत तळी निर्माण झाली होती. त्यांच्या गाळात मासे, गोगलगाई आणि ताडवर्गातील झाडे यांचे जीवाश्म मिळाले आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लाव्हाच्या थरांहूनही जुन्या गाळात डायनोसॉर या प्रचंड प्राण्यांची हाडे आणि दगड बनलेले शेणाचे गोळेही सापडतात. शेणाच्या गोळ्याला कोण महत्त्व देईल? परंतु शास्त्रज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पात्यांतील वालुकामय सूक्ष्म कण आढळले. इ. स. २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच पृथ्वीवर गवत उगवले, असा तोपर्यंत समज होता. तो त्या क्षुद्र गोळ्यांनी खोटा ठरविला.

दख्खनचा लाव्हा निवाला, त्यानंतरच्या कोट्यवधी वर्षांची पाने बारामतीच्या परिसरात जवळजवळ नाहीतच. त्या काळात येथील भूमीवर साठण्यापेक्षा झिजण्याचेच कार्य अधिक झाले. मग अगदी अलीकडच्या, म्हणजे गेल्या काही लक्ष वर्षांच्या काळात, नद्यांनी पुन्हा लिहावयास आरंभ केला. कऱ्हा नदी पुरंदरच्या डोंगरात उगम पावते. सासवड, जेजुरी, मोरगाव आणि बारामती या गावांवरून ती वाहते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा पुढे पूर्वेकडे जाऊन नीरा नरसिंगपूर येथे भीमेला मिळते. या नद्यांच्या दोन्ही काठांना जुन्या गाळाच्या उंच दरडी आहेत. उन्हाळ्यात पात्रात उतरून दरडीकडे पाहिले म्हणजे पुस्तकाची पाने कडेने दिसावीत, तसे एकावर एक रचलेले थर दिसतात.

दरडीच्या तळाशी बहुधा काळा कातळ असतो. त्यावर ठिकठिकाणी गोट्यांचा थर दिसतो. चुन्याने सांधला गेल्यामुळे तो काही जागी इतका कठीण झालेला असतो की, पहार मारली तरी सहज फुटत नाही. गोटे गुळगुळीत आणि गोलसर असतात. दूरवरून घासत, आपटत आल्याखेरीज दगडाला असा गोलवा येत नाही. शिवाय संथ पाणी मोठा गोटा हलवू शकत नाही. त्यासाठी जोराचा प्रवाह हवा. म्हणून जेथे गोट्यांचा थर आहे, तेथे एके काळी वेगवान पाणी वाहत होते, असे निश्चित म्हणता येते. त्याच्यावर जेव्हा बारीक, पिवळसर मातीचा थर येतो, तेव्हा तो निराळी गोष्ट सांगतो. पुराचे पाणी काठाबाहेर पसरून संथ झाल्यावरच अशी माती खाली बसते. गोटे आणि माती यांचा हा क्रम पाहून नदीचा जोर कधी वाढला व कधी ओसरला, हे कळते.

पिवळ्या मातीत पांढरट, वेड्यावाकड्या आकाराचे खडे विखुरलेले असतात. शेतकरी त्यांना चुनखडी म्हणतात आणि नांगराच्या आड येतात म्हणून त्यांच्यावर रागावतात. अभ्यासकाला मात्र हे खडे फार मोलाचे वाटतात. पावसाचे पाणी मातीतील चुना विरघळवून खाली नेते. पाऊस भरपूर असला, तर तो चुना पाण्याबरोबर वाहूनच जातो. कोकणात असेच घडते, आणि म्हणून तेथे चुनखडीऐवजी तांबडा जांभा दगड तयार झाला आहे. पण पाऊस थोडा आणि ऊन प्रखर असले, तर पाणी मध्येच सुकते, चुना मातीतच अडकून राहतो आणि त्याचे खडे बनतात. तेव्हा दरडीत चुनखडी असेल, तर ती माती जेथे साठली तेथे पाऊस बेताचा होता, असे अनुमान निघते. आजही हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाकाठी येथे सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. बारामती तालुक्यात सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावर गवत आणि खुरट्या बाभळी वाढतात व तेथे चिंकारा हरणे चरतात. दरडीतील चुनखडी पाहता या भूमीची कोरडी प्रकृती आजकालची नव्हे, हे ध्यानात येते.

तथापि हवामान सर्वकाळ सारखेच होते, असेही नाही. याविषयी प्राण्यांचे अवशेष साक्ष देतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, इनामगावजवळच्या जुन्या गाळात रानबैल व हत्ती यांसारख्या प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. नाशिक जिल्ह्यात गोदावरीच्या काठी नांदूर मधमेश्वर येथे सापडलेल्या प्राचीन हत्तीचे वर्णन भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी इ. स. १९०५ मध्ये केले. आज जेथे एकही रानटी हत्ती नाही, तेथे त्या काळी हत्ती हिंडत होते. हत्तीला रोज मणावारी चारा आणि भरपूर पाणी लागते. म्हणजे त्या खोऱ्यांत दाट चारा आणि पाणवठे असले पाहिजेत. नर्मदेच्या गाळात तर पाणघोड्याचे जीवाश्म आढळले आहेत. हा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ पाण्यात घालवितो. बारमाही पाण्याशिवाय तो जगूच शकत नाही.

याच्या अगदी उलट साक्ष जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथून मिळते. तेथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्या कवचांपासून माणसाने घडविलेले मणी सापडले. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची आहेत. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या माळरानांचा पक्षी. आज तो भारतात रानटी अवस्थेत कोठेही नाही. त्या काळी जगात हिमयुग चालू होते, मोसमी वारे दुर्बळ झाले होते आणि दख्खनमध्ये कोरडी गवताळ राने पसरली होती. पाणघोडा ओल्या दिवसांविषयी बोलतो आणि शहामृग कोरड्या दिवसांविषयी. दोन्ही साक्षीदार खरे आहेत. त्यांनी पाहिलेली स्थळे आणि काळ मात्र निराळे आहेत.

म्हणूनच कोणत्याही थराविषयी बोलताना तो केव्हाचा, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि तोच सर्वांत अवघडही असतो. बारामती तालुक्यातील मोरगाव येथे याचा प्रत्यय आला. मोरगाव हे मयूरेश्वराचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तेथे कऱ्हेच्या काठच्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. काळ्या कातळाचे तुकडे दोन्ही बाजूंनी टवके काढून घडविलेल्या त्या हातकुऱ्हाडी होत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी इ. स. २००० ते २००७ या काळात तेथे उत्खनन केले. त्याच परिसरातील गाळात एक करड्या-पांढऱ्या, पिठासारख्या मऊ पदार्थाचा थरही आहे. इ. स. १९९३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो पदार्थ ज्वालामुखीची राख आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता तिच्यात फुटलेल्या बुडबुड्यांच्या कडांसारखे वक्र काचकण दिसतात. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथेही अशी राख आणि तशीच हत्यारे आढळली आहेत.

ही राख आली कोठून? दख्खनचे ज्वालामुखी तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच शांत झाले होते. तिचे मूळ सुमात्रा बेटावरील टोबा या ज्वालामुखीत आहे, असे काचकणांच्या रासायनिक घटकांवरून दिसून येते. टोबा मोरगावापासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहे. तेथील प्रचंड स्फोटाची राख वाऱ्याने समुद्र ओलांडून आणली आणि ती भारतभूमीवर पडली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे तर तिचा इतका जाड थर साठला की, घासण्या-धुण्याच्या पुडीसाठी लोक ती राख खणून नेत असत.

परंतु टोबाचा स्फोट एकदाच झाला नव्हता. एक मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला, तर त्याहून जुना एक सुमारे ७ लक्ष ९० हजार वर्षांपूर्वी. यांपैकी कोणत्या स्फोटाची राख कऱ्हा व कुकडी यांच्या काठी आहे? यावर विद्वानांत मोठा वाद झाला. इ. स. १९८९ मध्ये बोरीच्या राखेचे वय सुमारे १४ लक्ष वर्षे ठरविण्यात आले. राखेतील पोटॅशियमचा काही अंश अत्यंत मंद गतीने अर्गॉन वायूत पालटत असतो. साठलेला अर्गॉन मोजून हे वय काढले होते. इ. स. १९९५ मध्ये अधिक सूक्ष्म रीतीने मोजले, तेव्हा ते सुमारे ६ लक्ष ७० हजार वर्षे निघाले. त्याच दशकात इतर शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या ठिकाणच्या राखेतील काचकणांची तुलना केली आणि ही सर्व राख ७४ हजार वर्षांपूर्वीच्याच स्फोटाची आहे, असे प्रतिपादन केले.

पुढे आणखी एक साक्षीदार पुढे आला. मातीतील लोहमय सूक्ष्म कण खाली बसताना चुंबकसूचीप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेने वळतात आणि तसेच थिजून राहतात. सुमारे पावणेआठ लक्ष वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीचे चुंबकत्व आजच्या उलट दिशेचे होते. इ. स. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोरगाव व बोरी येथील गाळातील कण उलट दिशेने वळलेले आढळले. म्हणजे तो गाळ फार जुना असला पाहिजे. मग राखही तितकीच जुनी का? यावर दुसरा पक्ष म्हणू शकतो की, नदी जुन्या गाळात घळ कोरते आणि ती घळ नंतरच्या काळातील राखेने भरू शकते. जुन्या वाड्याच्या भिंतीत मागाहून नवा कोनाडा बसवावा, तसे हे होय. कोनाडा भिंतीत आहे, एवढ्यावरून तो भिंतीइतकाच जुना ठरत नाही.

हा वाद केवळ आकड्यांचा नाही. राख जुनी असेल, तर कऱ्हेच्या काठी हत्यारे घडविणारा मानव कित्येक लक्ष वर्षांपूर्वी येथे वावरत होता, या मताला बळकटी येते. राख अलीकडची असेल, तर हत्यारांचे वय अन्य पुराव्यांनी ठरवावे लागते. या प्रश्नावर सर्वांचे एकमत झालेले नाही. मात्र प्रत्येक पक्षाने आपण काय मोजले आणि कसे मोजले, हे उघडपणे सांगितले आहे. त्यामुळे पुढच्या संशोधकाला तेच मोजमाप पुन्हा करून पाहता येते आणि चूक असल्यास दाखविता येते. शास्त्राची रीत हीच आहे.

परंतु पुन्हा मोजण्यासाठी थर जागच्या जागी शिल्लक असला पाहिजे. नदीकाठी सापडलेली एखादी हातकुऱ्हाड कोणी कौतुकाने उचलून घरी नेली, तर ती फळीवर शोभेल खरी. पण ती कोणत्या थरात होती, राखेच्या वर की खाली, हे सांगणारी खूण कायमची नाहीशी होते. पुस्तकातून फाडलेल्या अक्षराला जसा अर्थ उरत नाही, तशी थरावाचून वस्तू मुकी होते. पात्रातील वाळू यंत्रांनी उपसली जाते, काठच्या दरडी तोडून शेते सपाट केली जातात. वाळू घरे बांधावयास हवी आणि शेत पोटाला हवे, हे खरेच. पण लक्षावधी वर्षांत साठलेला थर एका दिवसात उकरला गेला, तर तो पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून असे काही आढळले, तर ते जागेवरून न हलविता शिक्षकांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळविणे, ही साधी गोष्ट फार मोलाची ठरते.

भीमेच्या काठी लेखन अजून चालूच आहे. पळसनाथाच्या मंदिराभोवती उन्हाळ्यात भेगाळलेला गाळ मृगाच्या सरी आल्या की ओला होतो. मग सह्याद्रीकडून पूर येतो, जलाशय भरू लागतो आणि मंदिर हळूहळू पाण्याखाली जाते. भेगांवर, पावलांच्या ठशांवर आणि शिंपल्यांवर त्या वर्षीच्या गाळाचा एक नवा, पातळ थर बसतो.